अकरावी-बारावीला इंटरनॅशनल ट्रेड शिकवायचाय: वर्गातला खेळ की एका कन्साइनमेंटची फाइल?

नुसतं पुस्तक वाचून दाखवलं की पोरं जांभया देतात हे कॉमर्स शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यामुळे व्याख्या, फायदे-तोटे, डब्ल्यूटीओ वगैरे इथे सोडून देतो. नागपुरातल्या ज्युनिअर कॉलेजच्या वर्गात मी दोन्ही पद्धती वापरून बघितल्यात. दोन्ही चांगल्या आहेत, पण माझं मन एकीकडे जरा जास्त झुकतं, ते का ते सांगतो.

खेळ बहुतेकांना माहीत असेलच. वर्गाचे सहा-सात देश करायचे, कोणाकडे कागदांचा गठ्ठा पण कात्री नाही, कोणाकडे कात्री-पट्टी-कंपास सगळं पण कागद दोनच, मग ठरलेल्या मापाचे आकार कापून सरांच्या बाजारात विकायचे आणि सरांनी मधेच भाव बदलायचे. हा प्रकार खरंच भारी आहे. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा १८१७ चा, कोणत्या मालाला किती माणसं लागतात त्याचा तक्ता फळ्यावर काढला (कापडाला इंग्लंडमध्ये १०० माणसं, पोर्तुगालमध्ये ९०, वाइनला १२० आणि ८०) की अर्धा वर्ग अडतो, पोर्तुगाल दोन्हीत पुढे आहे तर तो इंग्लंडकडून कापड काहून घेईल? खेळात मात्र जी टीम सगळंच पटापट कापते तीसुद्धा त्रिकोण दुसऱ्यांवर सोडते आणि स्वतः गोल कापत बसते, कारण त्यातच जास्त पैसे सुटतात. समजावून सांगायची गरजच पडत नाही. वर्षभर तोंड न उघडणारी पोरंही घासाघीस करतात. मोठ्या वर्गात गोंधळ होतो, तास पुरत नाही, पण ते निभावून नेता येतं.

माझं अडलं ते पैशावर. खेळात माल इकडून गेला की पैसे तिकडून लगेच हातात, बाकाच्या या टोकाला सौदा आणि त्या टोकाला हिशोब. समोरचा माणूस ओळखीचा, रोज सोबत डबा खाणारा. मग पुढच्या आठवड्यात लेटर ऑफ क्रेडिट (एलसी, म्हणजे ठरलेले कागद बरोबर असले तर पैसे देऊ अशी खरेदीदाराच्या बँकेची हमी) शिकवायला घेतलं की हमखास प्रश्न येतो, "सर, पैसे तर लगेच भेटतात, मग बँक मधात कशाला?" आणि तो प्रश्न बरोबरच असतो, कारण खेळानं त्यांना तसंच दाखवलेलं असतं. खरं तर हा सगळा धंदा उभा आहे तो याच अडचणीवर, की माल आज जातो, पैसा नंतर येतो, आणि घेणाऱ्याला आपण कधी बघितलेलंही नसतं. खेळात उधारी घुसवूनही पाहिली, पण पोरं एकमेकांना बुडवत नाहीत ना, त्यामुळे ती भीती काही येत नाही. दरवर्षी तेच, म्हणून शेवटी मी फाइलकडे वळलो.

फाइल म्हणजे एकच कन्साइनमेंट (मालाची एक खेप) धरायची, समजा काटोलचा संत्रा, रीफर म्हणजे थंड कंटेनरनं न्हावा शेवा बंदरातून दुबईच्या जेबेल अली बंदराला, आणि तिचा एकेक कागद वर्गात आणायचा. एचएस कोड (मालाच्या प्रकाराचा जगभर चालणारा नंबर) काढायला लावला की पोरं ०८०५१० वर जातात, पण तो मोसंबी वगैरेंचा, आपला संत्रा मँडरिनमध्ये, ०८०५२१. मग इनव्हॉइस, शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद), फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (फळाला कीड-रोग नाही याचा दाखला), बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती). एकदा मी असा सेट दिला की एलसीत माल चढवायची शेवटची तारीख १० डिसेंबर आणि बिल ऑफ लेडिंगवर १२ डिसेंबर. एका मुलीनं पकडलं आणि लगेच म्हणाली, "पण सर, माल तर एकदम चांगला आहे, दोन दिवसांसाठी बँक अडवणार?" हो, अडवू शकते, बँक माल बघत नाही, कागद बघते. त्यावर जी चर्चा झाली, म्हणजे खरेदीदार आता भाव पाडून मागेल का, कंटेनरमधला संत्रा किती दिवस टिकेल, परत आणायचा खर्च कोणाचा, तशी चर्चा मला खेळानंतर कधीच मिळाली नाही.

टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, शिकवायला त्याच फाइलला बांगलादेश जोडायचा. त्यांनी संत्र्यावरची ड्युटी वाढवत वाढवत २०२३ पर्यंत किलोला ८८ टका केली, आणि वरुड-मोर्शीकडे ज्यांचे मामा-काका बागायतदार आहेत ती पोरं आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) भाव कसा पडला ते स्वतःच सांगतात. सरकारी बंदी समजवायची तर जुलै २०२३ ची बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातबंदी घ्या, गोंदिया-भंडाऱ्याची पोरं असतील तर अजूनच सोपं.

फाइलचा त्रासही आहे, तयारी खूप लागते आणि पहिले एक-दोन तास वर्ग थंड असतो. तुमच्याकडे पंचवीस-तीसच विद्यार्थी असतील, डबल पिरियड मिळत असेल आणि मुख्य भर अर्थशास्त्रावर असेल तर खेळच घ्या, मी अडवणार नाही. पण कॉमर्सच्या भरलेल्या वर्गाला, ज्यातली काही पोरं उद्या नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या नाहीतर मिहानमधल्या कंपन्यांत कामाला लागतील, माझ्या मते फाइल जास्त पुरते. ओळखीच्या सीएचएकडून (कस्टमची कामं करून देणाऱ्या एजंटकडून) जुना सेट मागून घ्या, नावं आणि खाते नंबर खोडून झेरॉक्स काढा, आणि पहिल्या तासाला फक्त एलसी आणि बिल ऑफ लेडिंग हे दोनच कागद वाटा.