मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा प्रशिक्षक-कोर्स : सात महिन्यांनंतर

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणजे सवय बदलायची कारणं समोरच्या माणसाच्याच तोंडून यावीत, अशी बोलण्याची पद्धत. तिच्या या कोर्सला, कार्यशाळा संपली त्याच रात्री, मी पाच तारे देऊन टाकले होते. ते आज मागे घेते. बारा हजारांत दोन दिवसांची कार्यशाळा आणि नंतर आपल्या संवादांची रेकॉर्डिंग्ज ऐकून चार वेळा मार्गदर्शन, असं ठरलं होतं. कार्यशाळा उत्तम झाली. मार्गदर्शन मिळालं एकदाच. फोन केला की "पुढच्या आठवड्यात बघू".

राग नुसत्या पैशांचा नाही. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारू पिणाऱ्यांसोबतच्या कामातून ही पद्धत मांडली. त्यांच्याच गटाने २००४ मध्ये दाखवून दिलं, की नुसत्या कार्यशाळेतून आलेलं कौशल्य चार महिन्यांत ओसरू लागतं. टिकतं ते नंतरच्या मार्गदर्शनामुळे. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, म्हणून जास्त लागलं.

पण त्या एका तासाने मला जे दिलं, ते सगळ्या कार्यशाळेने दिलं नाही. रेकॉर्डिंग होतं बडोद्याच्या वाडी भागातल्या एका रिक्षावाल्या दादांशी झालेल्या बोलण्याचं, त्यांच्या परवानगीने. त्यांना तंबाखूचा मावा सोडायचा होता. वीस मिनिटांत माझे तेवीस प्रश्न आणि त्यांचं म्हणणं त्यांच्यापुढे परत ठेवणारी वाक्यं पाच. खरं तर एका प्रश्नामागे अशी दोन वाक्यं हवीत. मार्गदर्शन करणारे सर मात्र आकड्यांवर थांबलेच नाहीत, माझ्या आवाजावर थांबले. "सोडायचाय, पण स्टँडवर बसलं की हात पुडीकडे जातोच" हे त्यांचंच म्हणणं मी वाक्याच्या शेवटी सूर चढवून म्हटलं होतं. झाला प्रश्न! दादा "हो" म्हणून गप्प. तेच वाक्य शेवटी सूर खाली उतरवून म्हटलं की माणूस आपणहून पुढे बोलतो. गुजरातीतही तसंच. मी दोन महिने घरी, दारात भाजीवाल्याशी, हेच घोटलं.

सवय सोडणं किती महत्त्वाचं वाटतं ते आकड्यात सांगायची शून्य ते दहाची पट्टी मला आधी पोरकट वाटली होती. तेही मत बदललं. "चार म्हणालात, दोन का नाही?" असं विचारलं की माणूस सोडण्याची कारणं सांगतो, "आठ का नाही?" विचारलं तर अडचणी मोजतो.

आता मी आशाबेनना, म्हणजे आरोग्याचं काम करणाऱ्या आशा कार्यकर्त्यांना, शिकवते तेव्हा पहिला तास आवाजाचाच असतो. एकच वाक्य दोनदा म्हणायचं, मोबाइलवर ऐकायचं. मागच्या महिन्यात एक जण धावत आली : "बेन, काल मी काहीच विचारलं नाही, आणि ते भाई स्वतःच म्हणाले, वासामुळे माझी मुलगी जवळ येत नाही." मला भरून आलं.

मार्गदर्शनाची उणीव आम्ही तिघी भरून काढतोय. दर दुसऱ्या शनिवारी दांडिया बाजारात एकीच्या घरी जमतो, परवानगी घेतलेली रेकॉर्डिंग्ज ऐकतो, प्रश्न मोजतो. खर्च चहाचा.

कार्यशाळेला चार तारे, नंतरच्या सेवेला एक. पैसे भरण्याआधी चारही मार्गदर्शनांच्या तारखा लेखी घ्या. राहिलेल्या तीन मार्गदर्शनांचे ४,५०० रुपये मी परत मागितलेत, अजून आलेले नाहीत. आले की इथेच लिहीन.