बिटकोजवळचं सनबोर्डचं दुकान आणि आर्चबिशपांच्या टोपीचे गोंडे

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी तेहतीस वर्षं छपाईच्या तपासणीवर काढली. छापील कागद हातात आला की मजकुराआधी मी त्याच्या कडा बघतो, मग रंग, मग अक्षर. निवृत्त झालो तरी खिशातलं भिंग सुटलेलं नाही. त्यामुळे छपाईच्या दुकानाबद्दल चांगलं लिहायला मी सहसा बसत नाही. या दुकानाबद्दल लिहायलाच हवं.

काम होतं आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चच्या पॅरिशमधल्या, धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी सहा फलकांचं. विषय मीच निवडला होता: आर्चबिशपांच्या, म्हणजे बिशपांहून वरच्या दर्जाच्या धर्मप्रमुखांच्या, मानाच्या पदव्या आणि त्यांचा इतिहास. मागच्या वर्षी याच विषयावरचा एक फलक दुसरीकडे करून घेतला, तेव्हा पेट्रिआर्क, म्हणजे आर्चबिशपांहूनही वरची पदवी, यासाठी मी दिलेल्या ‘कुलाधिपती’ शब्दाचं त्यांनी ‘कुलपती’ करून टाकलं. कुलपती विद्यापीठाचे असतात. मुलांनी तेच वहीत उतरवून घेतलं. बदलून द्या म्हटलं तर उत्तर मिळालं, एका अक्षरानं काय फरक पडतो? त्या रात्री मला झोप लागली नाही.

हे दुकान बिटको चौकातून जेलरोडला वळलं की थोडं पुढे, एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. पाटीवर नुसतं ‘डिजिटल प्रिंट, सनबोर्ड, व्हिनाइल’. संगणकावर पंचविशीची एक मुलगी बसते. माझी हाताने लिहिलेली पानं तिने आधी पूर्ण वाचून काढली, मग टाइप करायला घेतली. वाचता वाचता थांबली. “काका, आयर्लंड दोनदा आलंय. एक काढू का?”

काढायचं नव्हतं. आर्माचे आर्चबिशप ‘संपूर्ण आयर्लंडचे प्रायमेट’ आणि डब्लिनचे आर्चबिशप ‘आयर्लंडचे प्रायमेट’. प्रायमेट म्हणजे त्या देशाच्या धर्मपीठांमध्ये पहिल्या मानाचा. त्या एका ‘संपूर्ण’ शब्दामागे दोन पीठांचा शतकानुशतकांचा वाद आहे. तिने न विचारता ओळ उडवली असती तर तो वादच फलकावरून गेला असता. विचारलं, म्हणून मी तिथेच खुर्ची ओढून बसलो.

गोव्याच्या फलकाला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता. १५३४ मध्ये गोव्याला बिशपांचं पीठ झालं, तेव्हा त्याची हद्द केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत धरली जायची. १५५८ मध्ये ते आर्चबिशपांचं पीठ झालं आणि १५७२ मध्ये ‘पूर्वेचे प्रायमेट’ ही पदवी आली. पुढे पोर्तुगालच्या राजाचा पाद्रुआदोचा हक्क, म्हणजे पूर्वेकडची धर्मपीठं सांभाळण्याचा आणि तिथल्या नेमणुकांचा अधिकार, आणि रोमने थेट पाठवलेले धर्माधिकारी यांच्यात इतकी ओढाताण झाली की मुंबईत एकाच वस्तीतली दोन चर्च दोन वेगळ्या अधिकाराखाली असायची. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. गोव्याची सत्ता आखडली, आणि त्याच वर्षी गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्व इंडीजचे पेट्रिआर्क’ ही मानाची पदवी मिळाली. दमणचं नवं पीठ निघालं, त्याच्या बिशपांकडे केरळातल्या क्रांगनोर या जुन्या पीठाचं नाव मानापुरतं आलं. १९२८ मध्ये दमण गोव्याला जोडलं गेलं, तेव्हा तेही नाव गोव्याकडे आलं. आजचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव २०२२ मध्ये कार्डिनल झाले, तरी या जुन्या पदव्या त्यांच्याकडे आहेतच.

मुलगी म्हणाली, “म्हणजे अधिकार गेला आणि मान राहिला?” मी तिला आमच्या राहुरीकडच्या गावाचं सांगितलं. पाटीलकी कायद्याने गेली, पण पोळ्याला वेशीतून पहिली बैलजोडी अजून पाटलांचीच जाते. तिने मान हलवली आणि अधिकाराच्या पदव्या काळ्या अक्षरात, मानाच्या पदव्या तांबड्या अक्षरात घेतल्या. ही कल्पना तिची.

मग आला नाशिकचा फलक. “काका, आर्चबिशप मुंबईचे ना? इथे नाशिकला आर्चबिशप कसे?” आपला धर्मप्रांत, म्हणजे बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला. पहिले महागुरुस्वामी, म्हणजे बिशप, थॉमस भालेराव, येशूसंघीय (जेझुइट). २००८ मध्ये फेलिक्स मच्याडो आले ते नाशिकचे बिशप म्हणून, पण त्यांना आर्चबिशप ही पदवी व्यक्तिशः दिलेली होती. पुढच्याच वर्षी त्यांची वसईला नेमणूक झाली, पदवी त्यांच्याबरोबर गेली, आणि नाशिक बिशपांचंच पीठ राहिलं. महाप्रांताच्या आर्चबिशपांना रोमहून मिळणारा लोकरीचा पट्टा, पॅलियम, अशा पदवीबरोबर येत नाही. नाशिकच्या मुलांना हे नाशिकच्या उदाहरणावरून कळावं, एवढ्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला.

आता छपाई. टोपीच्या फलकावर माझा जीव होता. धर्माध्यक्षांच्या, म्हणजे बिशप-आर्चबिशपांच्या, मुद्राचिन्हावर रुंद काठाची टोपी असते, तिला दोन्ही बाजूंनी गोंडे. बिशपांना प्रत्येक बाजूला हिरवे सहा, वरून एक, दोन, तीन असे उतरत. आर्चबिशपांना खाली चारांची आणखी एक ओळ, म्हणजे दहा. पेट्रिआर्कना पंधरा. कार्डिनललाही पंधराच, पण लाल. पहिल्या प्रतीत मी भिंग लावून मोजले तर आर्चबिशपांच्या डाव्या बाजूला नऊच. दहावा कडेच्या कापणीत गेला होता. हिरवाही निळसर उतरला होता, मोरपंखीकडे झुकलेला. मालकांना दाखवलं. त्यांनी स्वतः माझं भिंग घेऊन मोजले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग म्हणाले, “सर, हा फलक आमच्या खर्चाने.” चित्र अर्धा इंच आत घेतलं, हिरव्याच्या चार पट्ट्या काढून दाखवल्या, माझ्याकडून एक निवडून घेतली. नवीन प्रतीत दहा बाय दहा, चोख.

दोन बाय तीन फुटांचे सहा सनबोर्ड, वर मॅट लॅमिनेशन, चौरस फुटाला नव्वद रुपये, एकूण ३,२४० रुपये. टायपिंगचे वेगळे पैसे घेतले नाहीत. चार दिवस सांगून सहा लागले, त्यातले दोन त्या गोंड्याचे, म्हणून माझी तक्रार नाही. तक्रार एकच: जोडाक्षरांसाठी त्यांच्याकडे चांगले फॉन्ट दोनच आहेत. ‘पेट्रिआर्क’मधला ट्र एका फॉन्टमध्ये पाय मोडल्यासारखा दिसतो, दुसराच मागा. गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी सहानंतर तर अजिबात नाही. सकाळी साडेदहाला जा, मुलगी तेव्हा मोकळी असते आणि मजकूर वाचून घेते.

फलक सभागृहात लागले आहेत. परवा चौथीतला एक मुलगा टोपीखाली उभा राहून बोटाने गोंडे मोजत होता. दहापर्यंत आला आणि पलीकडची बाजू मोजायला गेला.