पॉवर सप्लायचे व्होल्टेज तपासायचे कशाने: सॉफ्टवेअर, टेस्टर की मल्टिमीटर?

संगणक मध्येच बंद पडू लागला आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर) १२ व्होल्टच्या जागी ११.८ दिसले, म्हणजे पॉवर सप्लाय बिघडला असे होत नाही. एटीएक्स या संगणकाच्या पॉवर सप्लायच्या मानकात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट या तिन्ही मुख्य पुरवठ्यांना वर्षानुवर्षे पाच टक्क्यांची मुभा आहे (२०२२ च्या एटीएक्स ३.० पासून १२ व्होल्टला खालच्या बाजूने आणखी थोडी). म्हणजे अनुक्रमे ११.४ ते १२.६, ४.७५ ते ५.२५ आणि सुमारे ३.१४ ते ३.४७ व्होल्ट. उणे १२ व्होल्टच्या दुय्यम पुरवठ्यासाठी ती दहा टक्के आहे. आकडा या मर्यादेत आहे की नाही, यापेक्षा तो कोणी मोजला, हा प्रश्न आधीचा.

बायोस आणि एचडब्ल्यूइन्फोसारखी सॉफ्टवेअर मदरबोर्डवरील देखरेख चिपचेच वाचन दाखवतात. ही चिप १२ व्होल्ट थेट मोजू शकत नसल्याने रोधकांनी ते विभागून घेते आणि पुढे गुणून मूळ आकडा काढला जातो. त्या बोर्डासाठीचा गुणक सॉफ्टवेअरला ठाऊक नसेल, तर १२ चे ८ दिसतात. खरोखरच ८ व्होल्ट असते, तर तो आकडा वाचायला संगणक चालूच राहिला नसता! तरीही भार वाढताना व्होल्टेज किती घसरते, याची सलग नोंद ठेवायला सॉफ्टवेअरइतके सोयीचे दुसरे काही नाही.

तयार टेस्टर पॉवर सप्लाय संगणकापासून सोडवून तपासतो, पण त्यावर भार जेमतेमच टाकतो. त्यामुळे पूर्ण मेलेला सप्लाय तो ओळखतो, भाराखाली दम तोडणारा मात्र सहज निसटतो.

निवाडा करायचा असेल, तर मी साधा डिजिटल मल्टिमीटरच निवडेन. संगणक चालू असताना, शक्यतो ग्राफिक्स कार्डावर जड काम लावून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, काळा प्रोब काळ्या वायरच्या पिनला आणि लाल प्रोब मदरबोर्डला जोडलेल्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने पिवळ्या (१२), लाल (५) किंवा नारिंगी (३.३) वायरच्या पिनला टेकवावा. सर्वच वायर काळ्या असतील, तर पिनांचा नकाशा पाहावा. प्रोब घसरून दोन पिना जोडल्या जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी आणि सप्लायचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतील कपॅसिटर प्लग काढल्यावरही घातक व्होल्टेज धरून राहू शकतात.

मल्टिमीटरला रिपल, म्हणजे डीसी व्होल्टेजमधली बारीक वेगवान चढउतार, मात्र नीट दिसत नाही. १२ व्होल्टवर त्याची मर्यादा १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्ट आहे. ती तपासायला व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोपच लागतो. तो हाताशी नसेल आणि मल्टिमीटरचे आकडे भाराखालीही मर्यादेत असूनही संगणक बंद पडत असेल, तर चांगला चालणारा दुसरा सप्लाय लावून पाहणे हाच जवळचा मार्ग आहे.