सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: दीड वर्ष खेळून मग लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगते, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा हा सेट शोकेसमध्ये ठेवायला हवा असेल तर मी पुढे लिहिलेलं फारसं कामाचं नाही. आम्ही तो खेळतो. आठवड्यातून एकदा तरी, जेवणं झाली की चादर पसरून, आणि दीड वर्ष असं खेळून झाल्यावर मला वाटलं आता लिहायला हरकत नाही, कारण नेटवर जे काही वाचलं ते सगळं "काय सुंदर कला आहे हो" इथवर येऊन थांबतं, खेळायला कशी आहे ते कोणी सांगतच नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात वेंगुर्ल्याला चुलतभावाचं लग्न होतं, लग्नानंतर एक दिवस मोकळा होता, तर बाबा म्हणाले सावंतवाडीला जाऊन येऊ, राजवाड्यात अजून गंजिफा करतात म्हणे. बाबांनी लहानपणी त्यांच्या आजीच्या घरी गोल पत्त्यांची पेटी बघितली होती, मोठी माणसं खेळायची आणि पोरांना हात लावायची परवानगी नव्हती. खेळाचं त्यांना काहीच आठवत नव्हतं, एवढंच आठवत होतं की दिवसा रामापासून डाव सुरू होतो आणि रात्री कृष्णापासून. हे ते मला लहानपणापासून सांगायचे आणि मला वाटायचं ते उगीच कायतरी गोष्ट रचून सांगतायत.

मोती तलावाच्या समोरच राजवाडा. आत दरबार हॉलमध्ये कलाकार बसून रंगवत असतात आणि तुम्हाला जवळ जाऊन बघता येतं. आम्ही गेलो तेव्हा एक ताई कूर्माचा नव्वा रंगवत होत्या, म्हणजे एका गोल पानावर नऊ कासवं. हो, नऊ. प्रत्येक कासवाच्या पाठीवरच्या रेघासुद्धा. बाबा वाकून बघायला लागले तर त्या म्हणाल्या, "हळू हां काका, रंग ओलो आसा." बाबांना त्यांचं मालवणी ऐकून इतका आनंद झाला की ते तिथेच स्टूल ओढून बसले आणि पुढचा तासभर उठले नाहीत. मी विचारलं दिवसाला किती पानं होतात, तर त्या म्हणाल्या ते पानावर आहे, एक्का पटकन होतो, राजाला वेळ लागतो, आणि "घाई केली तर रेघ सांगता". हे वाक्य मला फार आवडलं. रेघ सांगते. नंतर घरी आल्यावर मी सेटमधली पानं भिंगातून बघितली, खरंच, एकही रेघ घाईची नाही.

आता सेटविषयी. दशावतारी गंजिफेत 120 पानं असतात, दहा अवतारांचे दहा रंग (बदाम-इस्पिकसारखे), प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान, आणि एक्क्यापासून दहिल्यापर्यंत. मत्स्याला मासे, कूर्माला कासव, वराहाला शंख, नृसिंहाला चक्र, परशुरामाला परशु, असं प्रत्येकाचं चिन्ह ठरलेलं आणि प्रत्येक रंगाची चित्रामागची जमीन वेगळ्या रंगाची, त्यामुळे हातात पानं धरली की आधी रंग कळतो मग चिन्ह. मी एकदा बसून हिशोब केला. एक ते दहा मिळून एका रंगात 55 चिन्हं, दहा रंगांची झाली 550, वर वीस राजे-प्रधान वेगळे. म्हणजे एका सेटसाठी कोणीतरी साडेपाचशे वेळा मासा, कासव, शंख, चक्र असं हाताने काढलंय, आणि प्रत्येक पानाची किनार वेगळी. माझ्या सेटमध्ये राजा म्हणजे तो अवतार स्वतः बसलेला आणि प्रधान घोड्यावर. मत्स्याच्या सातव्या पानावर एक मासा बाकीच्यांपेक्षा थोडासा वर बघतो, माझं ते सगळ्यात आवडतं पान आहे, ते हातात आलं की डाव हरले तरी चालतं.

पानाची मागची बाजू सपाट तांबडी, लाखेची. पूर्वी म्हणे कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून, दगडाने घोटून पान करायचे, आता बेस जाड कागदाचा असतो पण वरचं सगळं काम हाताचंच. लाखेचा थर दिल्यामुळे पान हातात कडक लागतं आणि एकमेकांवर आपटलं की टक् असा छान आवाज येतो. बाबा म्हणाले हाच आवाज, माजघरातून हाच यायचा.

ही कला आज दिसतेय यामागची गोष्ट माहीत असावी असं मला वाटतं. गंजिफा मुळात इराणकडून आली, बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल प्रकारात आठ रंग आणि 96 पानं, ताज, शमशेर, गुलाम अशी नावं. आपल्याकडे आल्यावर तिचे दशावतार झाले. (दशावतार म्हटलं की सिंधुदुर्गातल्या माणसाला जत्रेतलं रात्रभरचं नाटक आधी आठवतं, बाबांनी ताईंना लगेच विचारलं की नृसिंहाचा मुकुट नाटकातल्यासारखा का नाही.) श्रीमंतांसाठी हस्तिदंतावरसुद्धा करायचे, ती दरबारी, आणि साध्या माणसांची ती बाजारी. मग छापील पत्ते आले, स्वस्त, 52 पानांत काम भागतं, आणि गंजिफा करणारे हात कमी कमी होत गेले. सावंतवाडीत तर अशी वेळ आली की पुंडलिक चितारी नावाचे एक म्हातारे कारागीर तेवढे उरले होते. तेव्हा, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला, राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी त्यांना शिकवायची विनंती केली, राणीसाहेब स्वतः शिकल्या, आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की त्या स्वतः ब्रश घेऊन बसल्या. अनुदान देणं, म्युझियममध्ये काचेमागे ठेवणं हे वेगळं आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं आपल्या हातात घेणं वेगळं. 2024 ला गंजिफेला आणि सावंतवाडीच्या लाकडी कामालाही जीआय टॅग (म्हणजे त्या जागेची खास वस्तू अशी सरकारी मान्यता) मिळाला, त्याचा आनंद आहेच.

खेळ कसा आहे? अवघड आहे पण एकदा लागला की सुटत नाही. तिघं लागतात, प्रत्येकाला चाळीस पानं. चाळीस गोल पानं हातात धरणं ही पहिली परीक्षा, आम्ही सुरुवातीला ताटात रंगाप्रमाणे लावून ठेवायचो, आता पंखा जमतो. पिसणं नेहमीच्या पत्त्यांसारखं जमत नाही, लाखेच्या कडा झिजतील म्हणून करूही नका, चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. हुकूम वगैरे काही नाही, ज्या रंगाची उतारी त्याच रंगाचं वरचं पान जिंकतं, त्यामुळे सगळा खेळ स्मरणशक्तीचा, कोणतं पान गेलं आणि कोणतं राहिलं. आणि यातली गंमत म्हणजे पाच रंगांत दहिला मोठा आणि उरलेल्या पाच रंगांत उलटं, राजा-प्रधानानंतर एक्का मोठा. माझी मुलगी बारा वर्षांची, ती पहिल्या दिवशी यावरून रडकुंडीला आली होती आणि आता तीच सगळ्यांना हरवते. बाबा 74 चे आहेत, अलीकडे नावं विसरायला लागलेत, पण वराहाचा प्रधान गेलाय का राहिलाय हे त्यांना बरोब्बर माहीत असतं. मी त्यातून काही वैद्यकीय निष्कर्ष काढत नाही, पण गुरुवारी, आमच्या डावाच्या रात्री, ते जेवण लवकर आटपतात एवढं खरं.

आणि हो, दिवसा ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरू करतो, रात्री कृष्णाच्या राजावाला. बाबांचं खरं होतं.

किमतीबद्दल. पूर्ण सेटला मी चार आकडी रक्कम मोजली, नक्की आकडा देत नाही कारण आकार आणि कामाप्रमाणे फरक पडतो, तिथेच विचारा. महाग वाटलं का? काउंटरवर क्षणभर वाटलं. पण मी ती नऊ कासवं होताना बघितली होती. माझी एक कळकळीची विनंती आहे, इथे घासाघीस करू नका. आपण मॉलमध्ये टॅगवर छापलेले पैसे निमूट देतो आणि ज्याच्यासमोर बसून काम बघितलं त्याच माणसाला "अहो थोडं कमी करा ना" म्हणतो, मला हे बघवत नाही. पूर्ण सेट झेपत नसेल तर गंजिफेच्या चित्रांच्या छोट्या वस्तूही मिळतात, त्या घ्या, पण मागितलेले पैसे द्या.

जाता जाता सावध करते, मी आधी एका ऑनलाइन साइटवरून "हॅन्डपेन्टेड गंजिफा" मागवली होती. आली ती छापील, वर चकचकीत लॅमिनेशन. ओळखायचं सोपं आहे: एकाच पानावरची दोन चिन्हं शेजारी शेजारी नीट बघा. हाताची असली तर दोन मासे कधीच तंतोतंत सारखे नसतात, आणि तिरक्या उजेडात धरलं की रंगाचा उंचवटा दिसतो.

सावंतवाडीला गेलात तर चितार आळीतही जा. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट, चौरंग. लाकडी केळी आणि सीताफळ घेतलं, पाहुणे अजून फसतात. खेळण्यांना पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे कारण ते हलकं आणि मऊ, कोरायला सोपं, आता ते मिळणं कठीण होत चाललंय असं एका दुकानदारकाकांनी सांगितलं. त्यांच्या दुकानात लेथवर भोवरा कातताना मुलीला उभं राहून बघू दिलं, विकत काही घ्यायच्या आधीच.

जपायचं कसं: ओल्या हातांनी पानं घ्यायची नाहीत, मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात पेटीत कोरडं सुती कापड घालून ठेवायचं, उन्हात ठेवायची नाहीत. कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, बस. दीड वर्षात एकाही पानाचा रंग उडालेला नाही. दोन पानांच्या कडेला लाखेचा टवका गेलाय, ती चूक आमची, पिसून बघितलं होतं.

शेवटचं एक सांगायचंच आहे. दिवाळीत भाच्याच्या हातून मत्स्याचा चौका हरवला. सोफा उलटा केला, कपाटं सरकवली, नाही मिळाला. 120 तल्या एका पानावाचून सगळा सेट अडला, बाबा तर दोन दिवस गप्प होते. मी फोन करून विचारलं, एक पान मिळेल का करून? तिकडून म्हणाले मिळेल, पण रंग आणि माप जुळायला त्याच रंगाचं दुसरं एखादं पान पाठवा. मी मत्स्याचा पंजा कापसात गुंडाळून कुरिअर केला, महिन्याभराने दोन्ही पानं आली. नव्या चौक्यावरचे मासे थोडे जाड आहेत, कदाचित दुसऱ्या कोणाच्या हातचे असतील. पाठीची लाख मात्र नवी म्हणून जरा जास्त तांबडी दिसते, त्यामुळे ते पान कोणाकडे आहे हे पालथं असतानाही सगळ्यांना कळतं. मुलीचं म्हणणं ही चीटिंग आहे, काहीतरी करा. बाबा म्हणाले काही करायचं नाही, खेळून खेळून होईल ते बाकीच्यांसारखं, आणि आता दर डावाआधी ते पान पेटीतून वेगळं काढून दोन मिनिटं हातात फिरवत बसतात.