तलंग अंड्यावर कधी येते : ग्रामप्रिया, वनराज, कडकनाथ की गावरान?

परसात आठ-दहा कोंबड्या पाळायचे ठरले की तलंग (अजून पहिले अंडे न घातलेली तरुण कोंबडी) अंड्यावर कधी येणार, म्हणजे अंडी कधीपासून मिळणार, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. उत्तर जातीवर अवलंबून असले, तरी जातीजातींतला फरक लोक समजतात तेवढा मोठा नाही. निवड करताना पहिल्या अंड्यापेक्षा त्यानंतरच्या वर्षाकडे अधिक पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ग्रामप्रिया साधारण १६० ते १६५ दिवसांत अंड्यावर येते, तर त्याच संस्थेची वनराज मांस आणि अंडी या दोन्हींसाठी असल्याने तिला १७५ ते १८० दिवस लागतात. मध्य प्रदेशातल्या झाबुआची कडकनाथ सुमारे सहा महिन्यांनी, असील साडेसहा महिन्यांनी आणि आपली गावरान सहा ते सात महिन्यांनी सुरुवात करते. म्हणजे सर्वांत लवकर आणि सर्वांत उशिरा येणारीत जेमतेम दीड महिन्याचे अंतर आहे. वर्षाच्या अंड्यांत मात्र फार मोठी तफावत दिसते: परसातल्या व्यवस्थेत ग्रामप्रिया १६० ते १८०, वनराज १०० ते ११०, कडकनाथ व असील शंभराच्या आसपास, आणि गावरान केवळ ५० ते ६०.

गावरानाचा हा आकडा पाहून तिला बाद ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. ती दहा-पंधरा अंडी घालून खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि पुढे पिल्लांना घेऊन फिरते. या काळात अंडी बंद असतात, परंतु पुढची पिढी खुराड्यातच तयार होते. ग्रामप्रिया किंवा वनराज सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांची अंडी उबवून घेतली तरी पिल्लांत आईचे गुण तसेच उतरत नाहीत, त्यामुळे दर वेळी नवी पिल्ले विकत आणावी लागतात.

वर दिलेले दिवस पोटभर खाद्य आणि पुरेसा उजेड मिळाला तरच खरे ठरतात. मृगाच्या सुमारास आणलेली पिल्ले वयात येतात ती नेमकी मार्गशीर्षात, जेव्हा आपल्याकडे दिवस सुमारे ११ तासांवर आलेला असतो, आणि त्यामुळे ती काही आठवडे रेंगाळतात. हिवाळ्यात आणलेल्या पिल्लांना पुढे मोठे दिवस मिळत असल्याने ती वेळेवर येतात. अंड्यावर यायला लागल्यावर शिंपल्याची भुकटी वेगळ्या भांड्यात ठेवावी, पण लहान पिल्लांना अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य घालू नये, कारण त्यातल्या जादा चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

तयार तलंगा घेणार असाल, तर ‘महिनाभरात अंड्यावर येतील’ या शब्दावर विसंबू नका. मी एकदा विसंबलो आणि अडीच महिने वाट पाहिली. तुरा फिकट आणि आखूड असेल तर अजून अवकाश आहे. तुरा लालभडक झाला असेल, पाठीवर हात ठेवताच तलंग पंख किंचित पसरून खाली बसत असेल आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्ये दोन बोटे सहज मावत असतील, तर पहिले अंडे बहुधा पंधरवड्यात मिळते. ते लहान असेल, कधी त्यावर रक्ताची बारीक रेघही असेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

घरच्या अंड्यांसाठी ग्रामप्रिया, अंड्यांबरोबर मांसही हवे असेल तर वनराज, आणि दर वर्षी पिल्लांसाठी खर्च करायचा नसेल तर गावरान घ्यावी. कडकनाथ मात्र गिऱ्हाईक आधी ठरलेले असेल तरच.