गीकबेंच की सिनेबेंच? लॅपटॉप घेताना मी कुठला आकडा धरला

मागच्या मे महिन्यात धाकट्या बहिणीसाठी लॅपटॉप घेतला. ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करते, एका एक्स्पोर्टला अर्धा-पाऊण तास सहज जातो. गाडी दोन मॉडेलवर अडली होती, एक पातळ नि हलका, दुसरा जाडजूड, आणि दोघांत प्रोसेसर मात्र अगदी सेम. पातळवाला मित्राकडे होता, जाडवाला मावसभावाकडे, म्हणून एका रविवारी दोन्ही घरी आणले आणि एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून टेस्ट केले.

गीकबेंच आणि सिनेबेंच म्हणजे प्रोसेसरचा वेग मोजून आकडा देणारी सॉफ्टवेअर, आकडा जास्त तितका वेग जास्त. आधी गीकबेंच 6 लावलं. दोघांचे मल्टी-कोअरचे (प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे काम करणारे भाग, एकत्र वापरून येणारे) आकडे इतके जवळ आले की बहीण म्हणाली, मग दादा, हलकाच घेऊया ना! मीही जवळपास तयार झालो होतो. मग सिनेबेंच आर23 लावलं, दहा मिनिटांवालं. यात तेच थ्रीडी चित्र पुन्हा पुन्हा रेंडर होतं, म्हणजे हिशोब करून तयार केलं जातं, आणि प्रत्येक फेरीनंतर आकडा बदलतो, तो बसून बघण्यासारखा असतो. पातळवाल्याची पहिली फेरी 13,400 च्या आसपास, मग बारा हजार, मग अकरा, शेवटी शेवटी तर अकराच्याही खाली, आणि कीबोर्डची वरची ओळ इतकी तापली की बहिणीने बोट मागे घेतलं. जाडवाल्याचा फॅन जोरात ओरडत होता पण आकडा फारसा हलला नाही.

माझा निर्णय इथेच झाला. गीकबेंच दोन टेस्टच्या मध्ये मुद्दाम थोडं थांबतं, गरम होण्याचा परिणाम आकड्यावर पडू नये म्हणून, आणि त्यात चूक काहीच नाही, चिपची ताकद बघायची तर तेच बरोबर. पण मला चिपची नाही, त्या चिपला त्या डब्यात किती वेळ दम धरता येतो ते बघायचं होतं. प्रोसेसर सेम म्हणजे स्पीड सेम, असं लॅपटॉपमध्ये खरंच धरून चालू नये.

गीकबेंचची बाजूही सांगायला हवी. फोन, मॅक, विंडोज सगळीकडे चालतं, पटकन होतं, आणि ब्राउझर, फोटो, पीडीएफ असली छोटी छोटी कामं त्यात आहेत. तुमचं काम तसं असेल तर त्याचा सिंगल-कोअर (एकाच कोअरचा) आकडा बघा, सिनेबेंचपेक्षा जास्त कामाचा वाटेल. सिनेबेंच म्हणजे शेवटी फक्त रेंडरिंग, एकाच प्रकारचं काम, हे मान्य.

व्हर्जनची भानगड दोन्हीकडे आहे आणि लोक इथे फार फसतात. गीकबेंच 5 मध्ये इंटेलच्या आय3-8100 प्रोसेसरला 1000 धरलं होतं, 6 मध्ये आय7-12700 ला 2500, म्हणजे मोजपट्टीच वेगळी. वर 6 मध्ये मल्टी-कोअरची पद्धत बदलली, आता सगळे कोअर मिळून एकच काम वाटून घेतात, त्यामुळे कोअर दुप्पट म्हणून आकडा दुप्पट होत नाही. सिनेबेंच 2024 चं इंजिन आर23 पेक्षा वेगळं आहे, तिथे आकडे हजारांऐवजी शेकड्यांत दिसतात. जुन्या लॅपटॉपचा एका व्हर्जनचा आणि नव्याचा दुसऱ्या व्हर्जनचा आकडा शेजारी ठेवून काहीही कळत नाही.

तुलना करायचीच तर एकाच खोलीत, एकाच दुपारी, दोन्हींना चार्जर लावून, पॉवर मोड सारखा ठेवून, मागे आपोआप चालणारे अपडेट थांबवून करा, तीनदा चालवा आणि मधला आकडा धरा. एसीत घेतलेला आकडा आणि पंख्याखाली घेतलेला आकडा, निदान आमच्याकडे तरी, वेगळा आला.

ऑफिस आणि अभ्यासासाठी घेत असाल तर गीकबेंचवर भागेल बहुतेक. एडिटिंग, कोड कंपाइल, थ्रीडी असलं लांबलचक काम असेल तर माझं मत सिनेबेंचची दहा मिनिटं, आणि शक्य असेल तर अर्धा तास. बहिणीने जाडवाला घेतला, बॅगेत जड होतो म्हणते, पण मेच्या दुपारी एक्स्पोर्ट लावून जेवायला बसते आणि उठेपर्यंत झालेला असतो.