सेमाग्लुटाइड की टिर्झेपाटाइड?
रत्नागिरीत हल्ली वजन कमी करणाऱ्या या दोन्ही इंजेक्शनांची चौकशी होते म्हणून लिहितोय. सेमाग्लुटाइड आतड्यातल्या, भूक कमी करणाऱ्या जीएलपी-१ हार्मोनची नक्कल करतं, टिर्झेपाटाइड सोबत जीआयपी या आतड्यातल्याच दुसऱ्या हार्मोनचीही, आणि २०२५ च्या थेट तुलनेत ७२ आठवड्यांत वजन सरासरी १३.७ विरुद्ध २०.२ टक्के उतरलं, म्हणजे नुसतं वजन बघायचं तर टिर्झेपाटाइडच भारी. पण ज्यांना आधीच हार्टचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांशी सेमाग्लुटाइडबद्दल नक्की बोला, १७ हजारांवर लोकांच्या ट्रायलमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका मिळून २० टक्के कमी झाला, मला हे फार मोठं वाटतं. मळमळ दोन्हीत, सुरुवातीला कुणाकुणाला बांगड्याच्या कालवणाचा वासही नको होतो. बंद केलं की वजन बहुतेकांचं परत चढतं. आणि पावसात लाइट गेली की फ्रीजमधल्या इंजेक्शनच्या पेनाकडे लक्ष ठेवा, ३० डिग्रीच्या वर कुठलंच चालत नाही.